सुईनंतरची वीस मिनिटं

त्रिशला चौगुले आयुष्यात एकच खोटं बोलली, पण ते सात वर्षं बोलली आणि दिवसातनं आठ-दहा वेळा बोलली. एरवी बाई इतकी सरळ, की शेजारणीनं नवी साडी कशी दिसतेय विचारलं तर तोंडावर सांगून मोकळी व्हायची आणि मग महिनाभर अबोला सोसायची. त्या एका खोट्याची मात्र तिला कधी टोचणी लागली नाही. ते खोटं आहे असं आजूबाजूला कुणालाच वाटत नव्हतं. कामाची रीत होती ती.

मिरजेतल्या एका मोठ्या स्कॅन सेंटरमध्ये ती एमआरआयची तंत्रज्ञ. यकृतात गाठ निघाली की ती कुठल्या जातीची, हे चिरफाड न करता सांगायला एमआरआयसारखं साधन नाही. रुग्णाच्या शिरेत एक औषध टोचतात. यकृताच्या पेशींना त्या औषधाची भारी ओढ. त्या ते हळूहळू आत घेतात आणि वीस मिनिटांनी चित्रात सबंध यकृत पांढरं उजळतं. गाठ यकृताच्याच धडधाकट पेशींची, निरुपद्रवी असेल, तर बहुतेक वेळा तीही उजळते. कर्करोगाच्या पेशी सहसा ही सवय विसरलेल्या असतात. त्या औषध आत घेत नाहीत, म्हणून पांढऱ्या यकृतात ती गाठ काळी उठून दिसते. पण त्यासाठी वीस मिनिटं दम धरायला लागतो. दहाव्या मिनिटाला यकृत नुसतं राखाडी असतं, आणि राखाडीत राखाडी गाठ काय दिसणार? मोठी असली तर दिसते, बारीक असली तर मिसळून जाते.

आणि वीस मिनिटं थांबायला सवड होती कुणाला? जत, अथणी, विजापूर, मंगळवेढा, कुठनं कुठनं माणसं यायची, पहाटेपासनं उपाशी बसलेली. बाहेर बाकावर जागा नसायची. म्हणून २०२७ च्या सुमाराला तिथं शेवटचं चित्र दहाव्या मिनिटाला घ्यायला सुरुवात झाली. 'सुईनंतर किती मिनिटं' हा रकाना हातानं भरायचा असे, त्यात सगळे बिनदिक्कत 'वीस' टाकत. कमी लिहिलं तर संगणक स्कॅन अपुरं म्हणून परत पाठवायचा. हे पहिल्यांदा कुणी केलं ते विचारू नका, सगळ्यांनीच केलं. २०३४ ला रकाना आपोआप भरला जायला लागला, तोवर हेच चाललं. डॉक्टर बाकीची चित्रं बघून निदान करत, शंका आली तर तीन महिन्यांनी परत बोलावत. त्यामुळं कुणाचं काही बिघडलं नाही, अशी त्रिशलाची पक्की समजूत होती.

मग २०३६ साली 'पारख' आली. पारख म्हणजे एमआरआयला जोडलेली एक शिकलेली प्रणाली. तिला थांबायची गरजच नव्हती. सुईनंतर पाच मिनिटांची चित्रं घ्यायची आणि रुग्णाला खाली उतरवायचं; वीस मिनिटांनी यकृत कसं दिसलं असतं ते चित्र पारख स्वतःच काढायची आणि त्यावरनं गाठीची जात सांगायची. हिरवा शेरा म्हणजे निरुपद्रवी, लाल म्हणजे कर्करोग, पिवळा म्हणजे सुई घालून तुकडा तपासा. एकतीस सेंटरांत ती बसवली गेली. हिरवा शेरा मिळाला की वर्षभर दुसरं स्कॅन करायचं नाही, असा आरोग्य योजनेचा नियमही झाला. उगीच स्कॅन करणाऱ्यांना चाप बसला म्हणून सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं.

पारख हे शिकली जुन्या स्कॅनवरनं, आणि त्यातली बहुतेक, चौदा हजार, एकट्या मिरजेच्या ह्या सेंटरनं दिलेली. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, तारीख, घड्याळाची वेळ, सगळं पुसून दिली होती. हातानं भरलेले रकाने तेवढे राहिले. त्या कामाबद्दल त्रिशलाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता, त्याचा फोटो अजून स्वागतकक्षात टांगलेला आहे. तिच्या डोक्यात तेव्हासुद्धा काही आलं नाही. आता ती स्वतःला ह्याबद्दल काय काय बोलते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तीन वर्षांनी, भाद्रपदात, तिचा थोरला भाऊ ह्याच टेबलावर येऊन झोपला.

धनपाल मगदूम, वय बासष्ट. सांगलीत कृष्णेच्या घाटावर चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवणारा माणूस. पाठीला भोपळा बांधून निम्म्या सांगलीला त्यानं पाण्यात ढकललंय. तरुणपणी झालेल्या बी प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगात ठाण मांडून बसलेला, त्यामुळं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ठरलेली. ह्या खेपेला यकृतात चौदा मिलिमीटरची एक गाठ दिसली. आठवडाभर दादा घाटावर गेला नव्हता, आणि तो घाटावर गेला नाही म्हणजे घरात काय हवा असेल ते ओळखा.

स्कॅनमध्ये मात्र त्याच्यासारखा रुग्ण नाही. यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं, म्हणून दर चित्राला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला लागतो. लोक मध्येच खोकतात, हलतात, चित्र पुसट येतं. दादानं आतनं विचारलं, एवढंच का, की अजून धरू? त्याची चित्रं काचेसारखी स्वच्छ आली. दहा मिनिटांत पारखेनं हिरवा शेरा दिला. निरुपद्रवी गाठ, खात्री शहाण्णव टक्के, पुढली तपासणी वर्षानं. दादानं तिथनंच वहिनीला फोन लावला आणि बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. त्रिशलालाही हुंदका आला. तिनं त्याला चहा पाजला, रिक्षात बसवलं आणि मागं येऊन सहज म्हणून पारखेनं काढलेलं चित्र उघडलं.

ते चित्र कुणी उघडत नसे. शेरा मिळाल्यावर कशाला उघडायचं? पण भावाचं यकृत होतं, डोळे भरून बघावंसं वाटलं. बघितलं, आणि तिला ते ओळखीचं वाटलं.

वीस मिनिटांनी औषध यकृतातनं पित्तात उतरतं, त्यामुळं पित्ताची नळी पांढरी दिसायला हवी आणि रक्तवाहिन्या काळ्या पडायला हव्यात. इथं नळीत काही नव्हतं. रक्तवाहिन्या अजून राखाडीच होत्या. यकृतही राखाडी, आणि गाठ त्यात बेमालूम मिसळलेली. हे वीस मिनिटांचं चित्र नव्हतंच. सात वर्षं तिनं स्वतःच्या हातानं असलं हजारो वेळा टिपलं होतं आणि शेजारी 'वीस' लिहिलं होतं. पारख बिचारी शिकवलं तेच गिरवत होती.

त्रिशलानं दुपारी डबा न उघडता जुने शेरे काढले. दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठी, हिरवा शेरा, गेल्या वर्षभरात एकट्या मिरजेत दोनशे बारा. प्रत्येकाचं काढलेलं चित्र तिनं उघडून बघितलं. दोनशे बारा राखाडी यकृतं. त्यांतल्या किती गाठी खरंच निरुपद्रवी होत्या हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. बहुतेक असतीलही. पण दादाची होती का?

हे तिला साफ दिसत होतं: गाठ कर्करोगाची असली, तर आज चौदा मिलिमीटरला तापलेली सुई घालून ती जागच्या जागी जाळता येते आणि माणूस बरा होतो. वर्षानं, तीन-चार सेंटिमीटर झाल्यावर, असं छातीठोकपणे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस संपले की जैनांच्या घरोघरी लोक एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणतात. म्हणायचं आणि हसून पुढच्या घरी जायचं. काय चुकलं ते कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. गावभागातल्या दादाच्या घरी त्या दिवशी माणसांची रीघ होती. सुलोचनावहिनीनं कौतुकानं पुरणपोळ्या केल्या होत्या. दादा सकाळीच नदीला जाऊन आला होता, केस अजून ओले होते.

गर्दी पांगल्यावर त्रिशला दोघांसमोर बसली. हात जोडले आणि म्हणाली, "दादा, माझं नकळत नाही, कळून चुकलंय. ते ऐकून घे आणि मग क्षमा करायची का नाही ते ठरव."

तिनं सगळं सांगितलं. दहा मिनिटं, वीसचा रकाना, चौदा हजार स्कॅन, राखाडी चित्र. दादा आधी हसला, त्याला वाटलं पोरगी उगीच घाबरलीय. मग हसायचा थांबला. वहिनी मात्र ताडकन उठली. इतकी वर्षं वन्संना उलट शब्द न बोललेली बाई, त्या दिवशी तिचा तोल गेला. आठ दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक, कालच्याला कुठं घरात दिवा लागला, आणि आज तुम्ही तो विझवायला आलात, असं ती म्हणाली. त्रिशलानं ते खालमानेनं ऐकलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दादानं विचारलं, हे वर सांगितलंस तर तुझं काय होईल? नोकरी जाईल, ती म्हणाली, नावनोंदणीही रद्द होईल कदाचित. तीन वर्षं राहिली होती तिची निवृत्तीला. दादा म्हणाला की यंत्र शहाण्णव टक्के म्हणतंय, ते मला पुरतं. बासष्ट वर्षं जगलोय. माझ्यासाठी तू चारचौघांत मान खाली घालायची, हे मला नको. विषय संपला.

"दादा, घाटावर पोरगं उडी मारायला उभं राहिलं आणि खाली किती पाणी आहे म्हणून विचारलं, तर तू कधी खोटं सांगितलंयस?"

दादानं नाही म्हणून मान हलवली.

"मी सांगितलंय. हजारो वेळा. आणि त्या आकड्यावर आता एकतीस गावची माणसं उड्या मारतायत."

दादा उठून आत गेला. वहिनीनं पुरणपोळीचा डबा भरला होता, तो तिनं त्रिशलाच्या हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवून दिला. त्रिशलानं तो उचलला आणि ती बसस्टँडवर आली. वाटेत तिचं ठरलं. दादा हो म्हणो, नाही म्हणो.

सोमवारी सकाळी ती डॉ. अनघा रणदिव्यांसमोर उभी राहिली. ह्या सेंटरच्या प्रमुख, त्रिशलापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पारख आल्यानंतर इथं आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं, दोन-चार काढलेली चित्रं स्वतः उघडली, पित्ताची नळी शोधली आणि डोक्याला हात लावून बसल्या. तीन वर्षं पारखेच्या शेऱ्यांखाली त्यांची सही होती.

बाई वाईट नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनीच वाट काढली. हिरवा शेरा पुन्हा उघडायला आरोग्य योजनेकडच्या अर्जात कारण द्यायला लागतं, त्यात 'रुग्ण हलला' असं एक कारण असतं. ते निवडलं की पाच मिनिटांत मंजुरी. आज दुपारीच तुमच्या भावाचं खरं स्कॅन करू, पूर्ण वीस मिनिटं थांबून. बाकीच्यांचं पुढं शांतपणे बघू, कंपनीशी बोलू, मार्ग निघेल. 'इतर' निवडून खरं लिहिलंत तर अर्ज वर जाईल, कधी परत येईल सांगता येत नाही, आणि तोवर तुमचा भाऊ थांबेल.

आता बघा, माणसाची परीक्षा कशी होते. एक बारकंसं खोटं. भाऊ वाचतो, नोकरी राहते, कुणाला कळत नाही. त्रिशलाचा हात पडद्यापर्यंत गेला. खरं सांगायचं तर बोट 'रुग्ण हलला'वर टेकलंसुद्धा होतं. तेवढ्यात तिला आठवलं की दादाला उपाशीपोटी यायला सांगायला पाहिजे, म्हणून तिनं आधी फोन लावला आणि काय लिहून स्कॅन करणार तेही सांगून टाकलं.

पलीकडनं दादाचा आवाज चढला.

"मी हललो? मी? अगं, एका श्वासात नदीचा तळ गाठून येतो मी. त्या नळकांड्यात पापणी नाही हलवली. मी हललो म्हणून कागदावर लिहितीस?"

ती म्हणाली, खरं लिहिलं तर उशीर होईल, दादा. तुला उशीर परवडायचा नाही.

"होऊ दे की. मला श्वास धरून थांबता येतं. खरं लिही."

फोन ठेवताना त्रिशला रडत होती आणि हसतही होती. काल बहिणीची अब्रू जाऊ नये म्हणून मरायला तयार झालेला माणूस, आज स्वतःच्या दमसासाला कुणी नाव ठेवलं म्हणून पेटून उठला होता. देव करो आणि असली घमेंड सगळ्यांना मिळो.

तिनं 'इतर' निवडलं. खाली लिहिलं: सन २०२७ ते २०३४ या काळात ह्या सेंटरमध्ये शेवटची चित्रं दहाव्या मिनिटाला घेतली आणि रकान्यात वीस लिहिलं. त्यातली बरीच मी स्वतः घेतली. पारख ह्यावर शिकली आहे. बारीक गाठींचे हिरवे शेरे विश्वासाचे नाहीत. अर्जाची प्रत छापून घेतली आणि खाली नाव घालून सही केली. रणदिवे मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी आपला पेन उघडला आणि 'माझ्या जबाबदारीवर फेरस्कॅनची शिफारस' असं लिहून खाली स्वतःचीही सही केली.

चार दिवस काहीच उत्तर नाही. त्या चार दिवसांत सेंटरमध्ये बातमी फुटली. तीस वर्षं डबा वाटून खाणाऱ्या माणसांनी त्रिशलाशी बोलणं टाकलं, कारण रकाने काही तिनं एकटीनं भरले नव्हते. एकजण तर म्हणाला, भावासाठी आम्हाला सगळ्यांना खड्ड्यात घातलंस. ती म्हणाली, मी फक्त माझं नाव लिहिलंय, तुझं तू बघ. आणि कामाला लागली. पाचव्या दिवशी दोन कागद एकदमच आले. एकात धनपाल मगदूम यांच्या फेरस्कॅनला मंजुरी होती. दुसऱ्यात त्रिशला चौगुले यांना उद्यापासून निलंबित केल्याचं कळवलं होतं.

म्हणजे तिच्या हातात एक दिवस होता. तिनं दादाला तासाभरात बोलावून घेतलं.

वहिनीही आली होती. ती काचेपलीकडं बसली, त्रिशलाकडं न बघता. त्रिशलानं दादाच्या शिरेत सुई घातली, औषध सोडलं आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ११.४२. मग सुरुवातीची चित्रं घेतली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दहाव्या मिनिटाला तिचा हात सवयीनं बटणाकडं गेला, तिचा तिलाच राग आला आणि तिनं तो मांडीखाली दाबून ठेवला. आतनं दादानं विचारलं, किती राहिलंय? अजून दहा, तिनं खरं सांगितलं. बारा वाजून दोन मिनिटांनी ती माइकवर म्हणाली, "श्वास सोड, दादा. आता थांब."

चित्र वरनं खाली हळूहळू उमटत गेलं. पित्ताची नळी पांढरी लखलखत होती. रक्तवाहिन्या काळ्या. यकृत दुधासारखं शुभ्र. आणि त्याच्या उजव्या अंगाला बारक्या बोराएवढा काळा डाग, इतका स्वच्छ की वहिनीलाही काचेपलीकडनं दिसला.

आपलं खरं ठरावं अशी त्रिशलाची मुळीच इच्छा नव्हती. दादा हिरव्या शेऱ्यासकट घाटावर जावा आणि आपण मूर्ख ठरावं, असं तिनं चारही दिवस मागितलं होतं. ती खुर्चीत बसूनच राहिली. वहिनी दार ढकलून आत आली, तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. डब्याचं काय केलंत, तिनं विचारलं. त्रिशला म्हणाली, घरी आहे, धुऊन ठेवलाय.

दहा दिवसांनी दादाची गाठ सुईनं जाळली. पूर्ण जळाली असं डॉक्टर म्हणाले, पण आता दर तीन महिन्यांनी बघत राहायचं आणि यकृत जुनं दुखणाईत आहे, हे विसरायचं नाही. एकतीस सेंटरांत पारख थांबवली गेली. चौकशी बसली आहे. ती कुणाकुणापर्यंत पोचेल, त्रिशलाची नावनोंदणी राहील का जाईल, हे अजून ठरायचंय.

दोनशे बारा माणसांना परत बोलवायला मात्र चौकशी संपेपर्यंत थांबता येत नव्हतं. जुन्या चित्रांत खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे ओळखणारी एकच बाई होती, म्हणून रणदिवे मॅडमनी लेखी मागणी करून तिला बोलावून घेतलं. अट एकच, यंत्राला हात लावायचा नाही. मॅडम स्वतः यंत्रावर बसतात. त्रिशला फोन करते, आलेल्याला समोर बसवून सांगते: गेल्या खेपेला आम्ही चुकीचं सांगितलं असेल. ती चूक माझी आहे. आज वीस मिनिटं थांबायला लागेल. काहीजण ऐकून गप्प बसतात, काहीजण शिव्या देतात. ती दोन्ही ऐकून घेते.

बाहेर बाकावर दादा असतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, पगार नाही. तो रांगेतल्या माणसांना श्वास धरायला शिकवतो. पोट आत, खांदे सैल, घाई करायची नाही. वहिनीचा डबा दुपारी सगळ्यांना मिळून पुरतो.

काल जतहून एक कमळाबाई आल्या होत्या. गाठ अकरा मिलिमीटर, शेरा हिरवा. सुईची वेळ त्रिशलानं फळ्यावर लिहिली, १०.१५. बाहेर रांग दारापर्यंत आली होती, कुणाचं तरी पोर रडत होतं. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं आणि बटणावर बोट ठेवलं.

"एकोणीस झाली, त्रिशलाताई. घेऊया का?"

"थांबा मॅडम," त्रिशला म्हणाली. "अजून एक आहे."